वजन उतरले, पण हाडांचे काय?



या सदरात आम्ही बहुधा दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी सांगतो. नाव-गाव वगळून सांगतो, पण त्या असतात दुसऱ्यांच्याच. आज आमच्याच घरातली गोष्ट सांगावयाची आहे. तीत दोषाचा एक वाटा आमच्याकडेही येतो. तो आधी कबूल करावा आणि मगच चार शब्द सांगावेत, हे बरे.

आमच्या थोरल्या भगिनींना आम्ही अक्का म्हणतो. चार वर्षांपूर्वी त्यांचे वय ४८ होते, उंची ५ फूट १ इंच आणि वजन ११२ किलो. साखर होती, रक्तदाब होता, थायरॉइडची गोळी चालू होती. गुडघे असे की, चाळीचा दुसरा मजला चढताना दोनदा कठडा धरून उभे राहावे लागे. पथ्ये झाली, उपास झाले, सकाळचे फिरणे झाले. चार किलो उतरायचे, सहा किलो चढायचे. शेवटी डॉक्टरांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया सुचविली. पोटाची बायपास झाली. दीड वर्षात वजन ७४ किलोवर आले. इन्सुलिनची सुई सुटली. भाच्याच्या लग्नात नातेवाइकांनी अक्कांना ओळखले नाही, आणि आयुष्यात प्रथमच अक्का हौसेने फोटोला पुढे उभ्या राहिल्या.

रुग्णालयातून घरी येताना एक फाईल मिळाली होती. तिच्यात कोणत्या गोळ्या, किती, कधी आणि कोठवर घ्यावयाच्या, याचा कागद होता. 'कोठवर' या रकान्यात 'आजन्म' असे लिहिले होते. वर्षभर अक्कांनी तो कागद पाळला. मग भाऊजी सेवानिवृत्त झाले आणि घरात काटकसर सुरू झाली. तेव्हा आम्हीच एका रविवारी जेवताना म्हणालो, "अक्का, साखर गेली, वजन गेले, आता कोणता आजार उरलाय? एवढ्या गोळ्या खाऊन मूत्रपिंडे खराब होतील." अक्कांनी गोळ्या कमी केल्या. पुढे बंदच केल्या. फाईल कपाटावर गेली.

दोन वर्षे काही वाटले नाही. मग कंबर आणि मांड्या दुखू लागल्या. भाजी निवडायला खाली बसल्या की उठताना हाताचा आधार लागे. वय झाले, असे सगळे म्हणाले. औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी येऊ लागली, आणि तिने पोटात जळजळ सुरू झाली. गेल्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरला. पडणे साधेच होते, आमची तरुण भाची तशी पडली असती तर हसत उठली असती. अक्कांचे मनगट मोडले.

अस्थितज्ज्ञांनी प्लॅस्टर घातले आणि विचारले, "पोटाची शस्त्रक्रिया झाली आहे का? कॅल्शियम कोणते घेता?" घरात शांतता. अक्का काही बोलल्या नाहीत, त्यांनी नुसते आमच्याकडे पाहिले. ती नजर आम्ही विसरू शकत नाही, म्हणूनच हा लेख.

शस्त्रक्रियेत होते तरी काय?

वजनासाठी पोटावर शस्त्रक्रिया करण्याचे प्रयत्न अमेरिकेत १९५० च्या दशकात सुरू झाले. प्रारंभी आतड्याचा फार मोठा भाग वगळून टाकीत. वजन उतरे, पण मूतखडे, यकृताचे विकार आणि हाडांचे विकार मागे लागत, म्हणून ती पद्धत सोडून द्यावी लागली. १९६६ साली आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठराच्या बायपासची वाट दाखविली. आजच्या बायपासचे मूळ तेथे आहे. हाडांची चिंता ही काल-परवाची नाही, ती या शस्त्रक्रियेच्या जन्मापासूनच तिच्या सोबत आहे.

आज आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार होतात. पहिला स्लीव्ह. यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी उरते. दुसरा बायपास. यात जठराची दोन मोठे चमचे अन्न मावेल एवढीच पिशवी ठेवतात आणि ती पुढच्या आतड्याला जोडतात. जठराचा उरलेला भाग, ग्रहणी आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा तुकडा अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो.

आता गंमत अशी की, कॅल्शियम शोषून घेण्याचे काम मुख्यतः ज्या जागी जोमाने चालते ती जागा नेमकी हीच, म्हणजे ग्रहणी आणि तिच्या पुढचा भाग. लोहाचेही तसेच. शिवाय जठरातील आम्ल घटते. जेवण मूठभर होते, त्यामुळे कॅल्शियम पोटात जातेच मुळी कमी. चरबी नीट न पचल्यास चरबीत विरघळणारे ड जीवनसत्त्वही पुरेसे शोषले जात नाही, आणि ड जीवनसत्त्वावाचून आतडे कॅल्शियमला दार उघडत नाही. स्लीव्हमध्ये आतडे जागेवर असल्याने नुकसान कमी असते, पण धोका अजिबात नाही असे समजू नये.

हाडे म्हणजे प्रॉव्हिडंट फंड

शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. रक्तात असते ते अगदी थोडे. पण त्या थोड्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल आणि मज्जातंतूंचे काम चालते. म्हणून शरीर रक्तातील कॅल्शियम कमी पडू देत नाही.

नोकरदार माणसाच्या घरचे उदाहरण घ्या. रक्त म्हणजे रोजच्या खर्चाचे पाकीट, आणि हाडे म्हणजे प्रॉव्हिडंट फंड. पगार कमी आला की पाकीट भरण्यासाठी फंडातून उचल करावी लागते. मानेत थायरॉइडच्या मागे पॅराथायरॉइड नावाच्या चार लहान ग्रंथी असतात. त्या या फंडाच्या कारकून. पाकीट हलके झाले की त्या आपला संप्रेरक वाढवितात आणि हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणतात. पाकीट भरलेले दिसते. फंड मात्र रिकामा होत जातो.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. "रक्तातले कॅल्शियम तपासले, नॉर्मल आले" एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. अक्कांचेही कॅल्शियम जवळजवळ नॉर्मल होते. ड जीवनसत्त्व मात्र ९ होते. ते ३० च्या वर असावे, असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले. पॅराथायरॉइडचा संप्रेरक मर्यादेच्या दुप्पट होता. कारकून रात्रंदिवस उचल करीत होता आणि आम्ही पाकीट पाहून समाधानात होतो.

हाडे झिजण्याची कारणे आणखीही आहेत. अंगावरचा भार पेलता पेलता हाड मजबूत राहते, भार एकदम उतरला की हाडालाही आपली गरज कमी झाली असे वाटते. चरबीबरोबर स्नायूही घटतात. चरबीतून मिळणारे स्त्री-संप्रेरक कमी होते. आतड्यातून निघणाऱ्या संप्रेरकांचे मान बदलते. अक्कांच्या बाबतीत तर पाळी थांबण्याचे वयही त्याच वेळी आले. म्हणजे चार बाजूंनी उचल आणि भरणा शून्य. वजन स्थिर झाल्यावरही ही झीज चालू राहू शकते, आणि मोडण्याचा धोका बहुधा शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी वर येतो. त्या वेळी माणूस आपण बरे झालो असे समजून गाफील असतो.

गोळीवरचा मजकूर वाचावा

तज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार स्लीव्ह किंवा नेहमीच्या बायपासनंतर आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावे. आतड्याचा फार मोठा भाग वगळणाऱ्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण १८०० ते २४०० मिलिग्रॅमपर्यंत जाते. आपल्यासाठी किती, हे आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे.

येथे दोन ठिकाणी लोक फसतात. पहिली जागा म्हणजे आकडा. गोळीच्या पाकिटावर 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मि.ग्रॅ.' असे असते. कित्येकांना वाटते, एका गोळीत काम झाले. परंतु त्यातील प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. सायट्रेटमध्ये ते आणखी कमी, म्हणजे १००० मिलिग्रॅम क्षारात २१० च्या आसपास असते. पाकिटावर बारीक अक्षरात 'एलिमेंटल कॅल्शियम' लिहिलेले असते, मोजावयाचा तो आकडा. अक्षर दिसत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचवून घ्यावे. त्यात लाज कसली?

दुसरी जागा म्हणजे प्रकार. कार्बोनेट स्वस्त असते, पण त्याला विरघळण्यासाठी आम्ल लागते, म्हणून ते जेवणासोबतच घ्यावे लागते. शस्त्रक्रियेनंतर आम्ल घटलेले असते, त्यात पुष्कळांना आम्लपित्ताची गोळीही चालू असते. सायट्रेटला आम्लाची गरज नसते, ते जेवणाबरोबर किंवा एरवीही घेता येते. म्हणून बायपास झालेल्यांना डॉक्टर बहुधा सायट्रेट देतात. दुकानदाराने "हे नाही, पण तेच आहे" म्हणून दुसरे पाकीट हातावर ठेवले तर आधी नाव वाचावे.

शरीर एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम नीट घेऊ शकत नाही. सकाळी विसरलो म्हणून रात्री तीन गोळ्या एकदम घेतल्या तर त्यातील बरेचसे वाया जाते. दिवसातून दोन-तीनदा विभागून घ्यावे.

गोळ्यांची आपसात भांडणे

सगळ्या गोळ्या एका मुठीत घेऊन पाण्याबरोबर गिळून टाकण्याची आपल्याकडे सवय आहे. येथे ती चालत नाही. कॅल्शियम आणि लोह एकत्र आले की एकमेकांची वाट अडवितात. त्यांच्यात निदान दोन तासांचे अंतर हवे. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना आणि बायपास झालेल्यांना दिवसाला ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागते, म्हणून लोह टाळूनही चालत नाही. लोहाच्या गोळीच्या आगेमागे चहा नको, चहा लोह अडवितो. थायरॉइडची गोळी तर दोघांशीही पटवून घेत नाही, तिच्यात आणि कॅल्शियम-लोहात चार तास असावेत.

अक्कांसाठी डॉक्टरांनी जे वेळापत्रक लिहून दिले ते नमुन्यादाखल सांगतो. पहाटे सहाला उपाशीपोटी थायरॉइडची गोळी. साडेदहाला नाश्त्यानंतर कॅल्शियम ५००. दुपारी दीडला जेवणासोबत लोह असलेली बहुजीवनसत्त्वाची गोळी. सायंकाळी पाचला कॅल्शियम ५००. रात्री नऊला जेवणानंतर कॅल्शियम ५००. शस्त्रक्रियेनंतर दूध सोसत नसल्याने त्यांना तीन गोळ्या लागतात, दूध-दही व्यवस्थित घेणाऱ्याला कदाचित दोन पुरतील. ब १२ चे इंजेक्शन महिन्यातून एकदा. हे वेळापत्रक अक्कांचे आहे, कोणी जसेच्या तसे उतरवून घेऊ नये. परंतु असे एक वेळापत्रक आपल्याही भिंतीवर असावे.

उन्हाचा देश आणि ड जीवनसत्त्व

आपल्या देशात ऊन मुबलक, तरी ड जीवनसत्त्वाची उणीव घरोघरी. सावळ्या त्वचेला तेवढेच जीवनसत्त्व तयार करण्यासाठी अधिक वेळ ऊन लागते. चाळीच्या आणि झोपडपट्टीच्या खोलीत ऊन येत नाही, कार्यालयात येत नाही, आणि अंगभर वस्त्रामुळे त्वचेपर्यंत पोहोचत नाही. गच्चीवर थोडा वेळ जरूर बसावे, पण शस्त्रक्रियेनंतर केवळ उन्हावर विसंबू नये. सामान्यतः दिवसाला ३००० युनिट ड-३ पासून सुरुवात करतात आणि रक्ताच्या तपासणीवरून कमी-अधिक करतात. दुधाबरोबर किंवा जेवणाबरोबर घेतल्यास ते अधिक चांगले शोषले जाते.

आपल्याकडे ६० हजार युनिटची पुडी मिळते. ती आठवड्याला एक, तीही डॉक्टरांनी सांगितलेले आठवडेच घ्यावयाची असते. जीवनसत्त्व आहे, जास्त घेतले तर बिघडले काय, असे म्हणून ती रोज घेणारे लोक आहेत. हे घातक आहे. ड जीवनसत्त्व अति झाले की रक्तातले कॅल्शियम चढते, मळमळ, बद्धकोष्ठ, गोंधळलेपण येते आणि मूत्रपिंडांना इजा होते. मूत्रपिंडांची जी भीती आम्ही अक्कांना घातली ती योग्य मात्रेच्या गोळ्यांना लागू नव्हती. ती लागू होते मनाने घेतलेल्या भरमसाट मात्रेला. उलट जेवणासोबत घेतलेले कॅल्शियम सायट्रेट अन्नातील ऑक्झॅलेटला आतड्यातच धरून ठेवते आणि बायपासनंतरच्या मूतखड्यांना आळा घालण्यास मदत करते. ज्यांना आधीच मूतखडे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी अर्थातच डॉक्टरांना तसे सांगावे.

ताटात काय असावे?

नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात १२० च्या आसपास. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला ही घरची चांगली साधने. सुकट किंवा काट्यासह चावून खाता येणारी लहान मासळी कॅल्शियमने भरलेली असते, फक्त खारट असल्यास आधी पाण्यातून काढावी. परंतु हिशेब करून पाहा. जठराच्या लहान पिशवीत एका वेळी अर्धी भाकरी जाईल. तिच्यावर हजार-बाराशेचा आकडा गाठता येणार नाही. नाचणी गोळीच्या सोबतीला आहे, गोळीच्या बदली नाही.

प्रथिनांकडेही पाहावे. हाड म्हणजे नुसता चुना नव्हे, त्याचा सांगाडा प्रथिनांचा असतो. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असे सांगितले जाते. म्हणून ताटातला पहिला घास अंडे, मासळी, कोंबडी, डाळ, पनीर किंवा दह्याचा असावा, भाताचा नव्हे. पोट लवकर भरते, तेव्हा आधी जे हवे ते आत जावे.

ही लक्षणे वयावर ढकलू नयेत

कंबर, मांड्या, बरगड्या खोलवर दुखणे. जमिनीवरून किंवा खुर्चीवरून उठताना हाताचा आधार लागणे. जिना चढताना मांड्यांत बळ नसणे. ओठांभोवती, बोटांत मुंग्या आणि पायांत गोळे येणे. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला यातील काही होत असेल तर डॉक्टरांना गाठावे आणि शस्त्रक्रियेचे नाव आपण होऊन सांगावे. प्रत्येक डॉक्टर पोटावरची चार लहान व्रणांची खूण पाहीलच असे नाही.

दुखण्यावरच्या गोळ्यांबाबत कडक इशारा द्यावासा वाटतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी बायपासच्या जोडावर व्रण पडू शकतो, तो रक्तस्राव करतो, प्रसंगी फुटतो. अक्कांच्या पोटातल्या जळजळीचे कारण तेच होते. ताप-दुखण्यासाठी काय चालेल हे आधीच विचारून फाईलवर लिहून ठेवावे. बहुतेकांना पॅरासिटामॉल सांगतात. मिश्री, तंबाखू, विडी आणि दारू यांनाही या घरात जागा नसावी. धूम्रपान आणि दारू हाडांच्या वैरी आहेत, तंबाखू जोडाच्या व्रणाला खतपाणी घालतो आणि बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते.

तपासण्या आणि उपचार

पहिल्या वर्षी दर काही महिन्यांनी आणि पुढे वर्षातून निदान एकदा रक्त तपासावे. कॅल्शियमबरोबर ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइडचा संप्रेरक, अल्कलाइन फॉस्फेटेज, हिमोग्लोबिन, लोह, ब १२ ही तपासणी करावी. हाडांची घनता डेक्सा यंत्रावर मोजतात, त्याला वेदना नाही, पडून राहावे लागते एवढेच. पाळी थांबलेल्या स्त्रिया आणि ज्यांचे हाड साध्या पडण्याने मोडले आहे त्यांनी याबाबत जरूर विचारावे. टी-स्कोअर वजा २.५ किंवा त्याखाली गेला की अस्थिसच्छिद्रता म्हणतात. अक्कांचा कमरेच्या हाडाचा आकडा वजा २.६ आला.

अस्थिसच्छिद्रतेसाठी आठवड्याला एक घेतात ती गोळी बायपास झालेल्यांना सहसा देत नाहीत, कारण ती नीट शोषली जात नाही आणि जोडाला इजा करू शकते. त्याऐवजी शिरेतून औषध देतात. पण आधी ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची तूट भरून काढावी लागते, नाहीतर रक्तातले कॅल्शियम धोकादायकरीत्या घसरते. अक्कांना तीन महिने थांबून मगच ते औषध दिले.

व्यायामालाही औषधाइतकीच किंमत आहे. भरभर चालणे, जिना, आणि डॉक्टरांच्या संमतीने स्नायूंवर ताण देणारे व्यायाम यांनी शस्त्रक्रियेनंतरची हाडांची झीज कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊनही सुरुवात करता येते. आणि मोरीत खरबरीत फरशी, रात्री एक दिवा, पायात घसरत नाही अशी चप्पल, हा खर्च मोडलेल्या हाडापेक्षा नेहमीच स्वस्त.

तरुण भगिनींसाठी एक वेगळे सांगणे. वजन उतरल्यावर गर्भधारणेची शक्यता वाढते. तथापि, शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने गर्भ राहू देऊ नये, असा सल्ला देतात, कारण आईचाच फंड रिकामा असताना बाळाची हाडे कशातून घडणार? बायपासनंतर तोंडाने घेण्याच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, म्हणून दुसरा उपाय विचारून घ्यावा.

पैशाचे आणि माणसाचे

आता पैशाचे. ठरावीक अटी पूर्ण झाल्या तर पुष्कळ आरोग्य विमा योजना शस्त्रक्रियेचा खर्च देतात. पण पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या गोळ्या आपल्या खिशातून. म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय घेतानाच या महिन्याच्या खर्चाचा हिशेब मांडावा. तो झेपत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, गोळी गुपचूप बंद करू नये. जनऔषधी केंद्रांत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या कमी किमतीत मिळतात. कोणते क्षार मिळते ते पाहून, डॉक्टरांना विचारून बदल करता येतो. सायट्रेट परवडत नसेल तर जेवणासोबत नियमाने घेतलेले कार्बोनेट हे न घेतलेल्या सायट्रेटपेक्षा केव्हाही बरे.

या लेखाने कोणी शस्त्रक्रियेला भिऊ नये. अक्कांची साखर आटोक्यात आली, गुडघे चालते झाले, हे खोटे नाही. "मला पुन्हा विचारलेत तरी मी शस्त्रक्रिया करूनच घेईन," असे त्या स्वतः म्हणतात. चूक शस्त्रक्रियेची नव्हती. शस्त्रक्रिया दोन तासांची होती आणि तिची राखण जन्माची होती, हे आम्ही ध्यानात घेतले नाही. ज्या घरात बाई सगळ्यांच्या गोळ्या लक्षात ठेवते त्या घरात बाईच्या गोळ्या कोणी लक्षात ठेवीत नाही. वर आम्ही तिला शहाणपण शिकविले.

मनगट जुळले आहे, पण पीठ मळताना अजून दुखते. ड जीवनसत्त्व ३४ वर आले, पॅराथायरॉइडचा कारकून शांत झाला. हाडांचा फंड मात्र एका वर्षात भरून येत नाही, कदाचित पूर्वीइतका कधीच भरणार नाही. आहे तो राखावयाचा, एवढे आपल्या हाती.

फाईल आता कपाटावर नाही. वेळापत्रकाचा कागद दिनदर्शिकेशेजारी खिळ्याला टांगला आहे. सायंकाळी पाचला आम्ही जेथे असू तेथून अक्कांना फोन करतो. पलीकडून त्या आमच्या आधीच म्हणतात, "घेतली रे बाबा, घेतली." आपल्या नात्यागोत्यात अशी शस्त्रक्रिया झालेले कोणी असेल तर या रविवारी त्यांच्याकडे जा. वजन किती उतरले हे विचारू नका, ते सगळेच विचारतात. कॅल्शियम कोणते घेता, हे विचारा.